सातव्या दाराची मूठ

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मावशी स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे तोंड करून उभी राहायची आणि तशीच, वळून न बघता, पावलं मोजत मागे जायची. कपाटाच्या दारावर काडेपेट्यांची लेबलं चिकटवलेली होती. घुबड, होडी, किल्ली, लाल छत्री, पाठमोरं मांजर. तीस वर्षांत तिनं अशी दोनशेच्या वर लेबलं काढली होती, पण तिला स्वतःला पटलेली एकोणीसच तेवढी कपाटावर आली होती. तिची पावलं तिच्यासारखीच आखूड. नवव्या पावलाला पाठ मागच्या चौकटीला टेकायची. तिथं उभं राहून ती डावा डोळा मिटायची, उजवा किलकिला करायची आणि मोठ्यानं विचारायची, "काय दिसतं?" घुबडाचं घुबड दिसलं, होडीची होडी दिसली, की स्वतःच "ठीक" म्हणायची आणि चहात साखर घालायला जायची.

ही सवय तिला प्रेसमध्ये लागली. काडेपेट्यांची लेबलं छापणाऱ्या त्या लिथो प्रेसमध्ये ती विसाव्या वर्षी आली, तेव्हा मशीनवाल्या काकांनी तिचं पहिलं लेबल हातात घेऊन बघितलंसुद्धा नव्हतं. समोरच्या भिंतीवर टाचणीनं टोचलं आणि म्हणाले, "जा मागे. दुकानात गिऱ्हाईक जिथं उभं राहतं तिथं जा. आता एक डोळा मीट. दोन्ही डोळे उघडे असले की आपलं चित्र आपल्याला गोडच दिसतं. एक मिटलास की त्याचा माज उतरतो." मावशीच्या त्या लेबलावर बागेत खेळणारी सात मुलं होती. नऊ पावलांवरून ती शेवाळ दिसली. मावशी रडली नाही. तिनं तो कागद तिथंच टरकावला आणि दुसऱ्या दिवशी एकच किल्ली काढून आणली. अंगानं काडी आणि डोकं लगेच पेटणारं, म्हणून प्रेसमध्ये तिला सगळे 'काडेपेटी' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

पुढं प्रेस बंद पडली, काकाही गेले. बियाण्यांची पाकिटं, साबणाची वेष्टनं असं करत करत मावशीचं काम आटत गेलं आणि शेवटी कपाट आणि नऊ पावलं एवढंच उरलं. त्याच सुमारास तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी नोकरी सोडून, दोन बॅगा आणि एक भलामोठा मॉनिटर घेऊन तिच्याकडे राहायला आली. भाचीला गेम करायचा होता. खेळायचा नव्हे, करायचा. हा फरक तिच्या आईला तीन वर्षांत समजला नव्हता. दर रविवारी तिचा फोन यायचा, "अजून खेळच चाललाय का तिचा?" आणि मावशी तेवढ्याच गंभीरपणे सांगायची, "हो ताई, अगदी मान मोडून खेळतेय."

गेमचं नाव 'सातवं दार'. एक लांब बोळ, त्यात सहा दारं. खेळणाऱ्यानं रोज त्या बोळातून चालत जायचं आणि काल नव्हतं असं आज काय आहे, ते ओळखायचं. एखादा खिळा. भिंतीवरचा ओघळ. ओळखलं नाही, की दुसऱ्या दिवशी बोळात एक दार जास्त. बस, एवढंच. भाची चित्रं आणि कोड करायची, आणि तिचा एक मित्र, ज्याला मावशी 'आवाजवाला' म्हणायची, तो आवाज करायचा. तो एकदा दुपारभर मावशीच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या कपाटाची करकर टेप करून घेऊन गेला होता. मावशीनं गेम एकदाच खेळून बघितला. तिसऱ्या मिनिटाला तिचंच कपाट तिच्या कानात करकरलं तेव्हा तिनं हेडफोन काढून ठेवले.

"नको बाई. माझ्याच घरात चोरासारखं फिरतेय असं वाटतं."

"मावशी, याहून मोठं कौतुक कुणी केलं नाहीये आमचं," भाची म्हणाली.

गेम तयार झाला आणि घोडं अडलं ते चित्रावर. ऑनलाइन स्टोअरमध्ये प्रत्येक गेमला एक चित्र लावावं लागतं. त्याच चित्राची आडवी, उभी आणि अगदी चिमुकली अशी रूपं द्यावी लागतात. वर्षातून काही वेळा स्टोअर नव्या गेमांचा आठवडा भरवतं, आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. भाचीनं नाव दिलं होतं आणि चित्रं देण्याची मुदत शुक्रवार दुपारपर्यंत होती. भाचीनं स्वतः केलेली अकरा चित्रं मावशीसमोर टेबलावर मांडली. सगळ्यांत बोळ, सहा दारं, ओल, खिळे, ओघळ. काही चुकायला नको म्हणून सगळंच घातलेलं.

"सुंदर आहेत," मावशी म्हणाली. "आता चिमुकलं दाखव."

भाचीनं मोबाइल पुढं केला. बोटाच्या दोन पेरांएवढं चित्र. मावशीनं मोबाइल कपाटाला टेकवून उभा केला, भाचीला खांद्याला धरून नऊ पावलं मागे नेलं आणि एक डोळा मिटायला लावला.

"काय दिसतं?"

भाचीनं उघडा डोळा आणखी बारीक केला. मग म्हणाली, "कंगवा."

"मग! तीन वर्षं घालवून कंगवा विकणार आहेस का तू?" मावशी म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी तिनं पोस्टर कलरच्या बाटल्या खाली काढल्या. पिवळा, लाल, काळा. लेबलाला तीनच शाया मिळायच्या आणि तिला चौथा रंग कधी लागलाच नव्हता. "एकच दार. काळ्यात पिवळं दार, त्याला लाल मूठ. दुसरं काही नाही."

"आणि बोळ? बाकीची सहा दारं?"

"ती आत आल्यावर दाखव की! बाहेर पाटीवर सगळं सांगितलंस तर लोक आत कशाला येतील?"

भाचीनं सांगितलं की सवलत असली की स्टोअर चित्राच्या कोपऱ्यावर पट्टी चिकटवतं. मावशी म्हणाली, मग कोपरे मोकळे सोडू. भाची म्हणाली, चित्रावर गेमचं नाव सोडून दुसरं एक अक्षर लिहायची परवानगी नाही. मावशी म्हणाली, देव भलं करो त्या स्टोअरचं.

हे झालं सोमवारी. मंगळवारी सकाळी मावशीनं आधण ठेवलं, नऊ पावलं मागे गेली, डावा डोळा मिटला, आणि तिला किल्लीचा दांडा वाकलेला दिसला.

आधी तिला वाटलं, ओल आली असेल. ती पुढं गेली, लेबलावरून अंगठा फिरवला. कागद सपाट होता. ती पुन्हा मागे गेली. एक डोळा मिटला. किल्लीचा दांडा मध्यावर पोट काढल्यासारखा बाहेर आलेला. तिनं नजर हळूहळू ओट्याच्या फरशीवर नेली. फरशीच्या रेघाही, ती जिथं बघेल तिथं, पाण्यात बुडवल्यासारख्या हलकेच फुगत होत्या. तिनं डावा डोळा उघडला, तशा त्या बऱ्याच सरळ झाल्या. आधण उतू जाऊन गॅसवर सांडलं तरी ती चौकटीला टेकून उभीच होती.

तिला ठाऊक होतं हे काय असू शकतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई पेल्याच्या बाजूला पाणी ओतायची आणि पेला कुणी सरकवला म्हणून मुलींवर करवादायची. वर्षभर तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर काळोख आला. समोरच्या माणसाचे कान, केस, खांदे दिसायचे, चेहरा तेवढा दिसायचा नाही. शेवटची नऊ वर्षं मावशी आईच्या समोर बसून जेवली आणि आईनं तिचा चेहरा बघितला नाही. दवाखान्यातले डॉक्टर तेव्हा चष्मा पुसत एवढंच म्हणाले होते, "सहा महिने आधी आणायला हवं होतं यांना." ते वाक्य मावशीनं आयुष्यभर जपून ठेवलं होतं. आज ते तिच्यासमोर येऊन उभं राहिलं.

आज गेलं तर आज कळेल. पण डॉक्टर डोळ्यात थेंब घालतील, चार दिवस काम करू नका म्हणतील, आणि शुक्रवार चार दिवसांवर नव्हताच, तीनच दिवसांवर होता. पुढच्या खोलीत भाची हेडफोन लावून, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. तिचे केस तीन वर्षांत मावशीच्या डोळ्यांदेखत विरळ झाले होते. मावशीनं गॅसवरचं पाणी पुसलं, नवं आधण ठेवलं. शुक्रवारी दुपारी जाऊ, तिनं मनाशी म्हटलं. दोन-चार दिवसांनी काय होतंय? आणि असं म्हणताना तिच्या लक्षात आलं की हा आवाज तिचा नव्हता. अगदी असंच, पदरानं पेला पुसत, आई म्हणायची.

मग ती कामाला बसली. एरवी काम सुरू झालं की तिची भीती गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसायची. या वेळी ती कागदावर येऊन बसली. मावशीनं लोखंडी पट्टी ठेवून दाराची चौकट आखली, पिवळा रंग भरला, भोवती काळा, कडेला लाल मूठ. चित्र कपाटाला टाचलं. नऊ पावलं, एक डोळा. दार वाकलेलं. तिनं पट्टी उचलून उजेडात धरली आणि डोळ्यासमोर आडवी केली, तर पट्टीही वाकलेली. तीस वर्षं वापरलेली, मशीनवाल्या काकांनी दिलेली पट्टी. तिनं ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. नवीही वाकडी निघाली तेव्हा दुकानदाराला शिव्या घालत ती ओट्याशी उभी राहिली, आणि शिव्या घालता घालता तिचा आवाज खाली गेला. लोखंडी पट्टी वाकत नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं?

पण कागदावरचं दार वाकडं दिसतं ते सरळ करणं तिच्या हातात होतं. ब्रश घेऊन ती काळ्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून काळ्यात केसभर केसभर सरकत गेली. मागे गेली, बघितलं, पुढं आली, सरकवलं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की काहीतरी खटकायचं. पण दोन्ही डोळ्यांवर विश्वास ठेवायची तिला सवयच नव्हती. बुधवारी दुपारी, चाळिसाव्या की पन्नासाव्या खेपेला, नवव्या पावलावरून तिच्या एका डोळ्याला दार अगदी पट्टीसारखं सरळ दिसलं. तिनं सुस्कारा सोडला. डोळ्याला काही झालेलं नाही, आपणच घाबरट, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

"झालं गं," तिनं हाक मारली.

भाची आली, चित्रासमोर उभी राहिली. मग तिनं दोन्ही हात तोंडावर नेले.

"मावशी... हे तू कसं केलंस?"

"काय?"

"दार! थांब." तिनं मोबाइलवर आवाजवाल्याला चित्र पाठवलं आणि लगेच व्हिडिओ लावला. आवाजवाल्याचा चेहरा पडद्यावर आला. तो दाढी खाजवत होता.

"बाप रे," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही तर पाण्यातलं दार काढलंय. आतून कुणीतरी पोटानं ढकलतंय असं."

"हो ना!" भाची म्हणाली. "मी तीन वर्षं शोधत होते हे. धड वाकडं नाही, धड सरळ नाही. ही डावीकडची कड बघ. कसं सुचलं गं तुला?"

मावशी ओट्याला धरून उभी होती. दोघं उत्साहानं बोलत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते, आणि तिला कानात फक्त कपाटाची करकर ऐकू येत होती. सरळ दार तिच्या डोळ्यानं वाकवलं होतं, आणि डोळ्याला सरळ दिसावं म्हणून तिनं ते कागदावर उलट्या बाजूला वाकवलं होतं. आतापर्यंत तिला भीती होती. आता दोघा साक्षीदारांसमोर कागद सांगत होता.

"सुचलं आपलं," ती म्हणाली. "चहा घेणार का?"

"उभं चित्रही असंच हवं हं, उद्यापर्यंत. हाच वाक."

हाच वाक. गुरुवारी सकाळी मावशी नवा कागद टाचून बसली. आता तिला माहीत होतं की कोणता डोळा काय करतो. डाव्यानं बघून आखायचं आणि उजव्यानं बघून बिघडवायचं. चोरी पकडली गेल्यावर तीच चोरी पुन्हा सावकाश करून दाखवायला सांगावी तसं ते काम होतं. पण कालचा वाक आज हाताला लागेना. आज उजव्या डोळ्यात दाराचं पोट वेगळ्याच जागी फुगलं होतं, कालच्यापेक्षा मोठं. एका दिवसात. तिनं जमेल तसं केलं, दाराला लाल मूठ काढली आणि मागे गेली.

डावा डोळा मिटला. दाराला मूठ नव्हती.

रंग ओघळला असेल म्हणून ती पुढं आली. दोन्ही डोळ्यांनी बघितलं, तर मूठ जागच्या जागी, ओली, चमकत होती. ती मागे गेली. डावा मिटला, मूठ नाही. तिथं नुसता राखेच्या रंगाचा डाग होता, बोटानं पुसल्यासारखा. उजवा मिटला, मूठ आहे. डावा मिटला, नाही. आहे. नाही. ती कपाटाशी गेली, तो राखेचा डाग नेमका कुठं आहे ते बघायला बोट लावलं आणि ओला लाल रंग दारभर फिसकटला. ती खाली बसली आणि बसल्या बसल्याही एकदा हा डोळा, एकदा तो डोळा, असं करत राहिली.

भाची पाणी प्यायला आत आली. तिला मावशी फरशीवर बसून डोळे मिचकावताना दिसली, आणि तिचं लाल बोट.

"रक्त! मावशी, काय झालं? कापलं?"

"रंग आहे. ओरडू नकोस."

"मग अशी काय बसलीस? काय करतेयस डोळ्यांनी?"

भाची तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मावशीनं सवयीनं डावा डोळा मिटला आणि भाचीकडे बघितलं. कान दिसले. विरळ झालेले केस दिसले. खांदे दिसले. मावशीनं एकदम हात पुढं करून भाचीची हनुवटी घट्ट धरली. लाल बोटाचा ठसा तिच्या गालावर उमटला.

"तुझं तोंड कुठंय गं?" ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मग सगळं बाहेर आलं. किल्ली, फरशी, पट्टी, आजीचा पेला. भाची ऐकत होती. मध्येच तिनं कपाटावर टाचलेल्या कालच्या चित्राकडे बघितलं, तिच्या आवडत्या डाव्या कडेकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आणि मी म्हणत होते, कसं सुचलं."

"तुला काय माहीत?"

"मंगळवारपासून? मावशी, आज गुरुवार आहे! वेड लागलंय का तुला? एका चित्रासाठी?"

"एका चित्रासाठी नाही गं," मावशी म्हणाली. नाक पुसत तिनं थोडा विचार केला आणि तेवढंच खरं बोलली. "चित्र होतं म्हणून बरं झालं. चित्राच्या नावावर मला जायचं टाळता आलं."

दवाखान्यात शुक्रवारी सकाळी दहाचीच वेळ मिळाली. त्या रात्री दोघीही झोपल्या नाहीत, पण एकमेकींना तसं कळू दिलं नाही. डोळे मिटले की तो राखेचा डाग पापणीच्या आतही आहे का, हे मावशीला बघवत नव्हतं आणि न बघून राहवत नव्हतं.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर समोरच्याच भिंतीवर चौकटी आखलेला एक मोठा कागद लावलेला होता. त्याखाली लिहिलं होतं की एक डोळा हातानं झाका आणि रेषा सरळ दिसतात का बघा. मावशीनं पर्स मांडीवर घेऊन नजर खाली ठेवली. सिस्टरनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अर्धा तास बसायला सांगितलं. हळूहळू खिडकीतला उजेड पसरत गेला आणि समोरची माणसं त्यात विरघळली. भाची शेजारी टॅब्लेट उघडून बसली होती. दुपारची मुदत दोन तासांवर आली होती.

"आडवं बुधवारचंच देतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "उभं आणि चिमुकलं आत्ता इथं नीट करते. कागदाचा फोटो घेऊन फिसकटलेलं पुसलंय. पण मूठ गेली त्यात. मावशी, ऐक ना... मूठ नसलेलं दारच ठेवू या का? तेही भयंकर दिसतंय. तुझी आठवण..."

"माझी आठवण काय? मी काय मेले का?" काडेपेटी पेटली. शेजारच्या बाकावरच्या काठीवाल्या आजोबांनी मान वळवली. "मूठ घाल. मूठ नसलेलं दार म्हणजे भिंत. भिंतीला कुणी हात लावत नाही. भीती दाखवायची आणि हातही पुढं करायला लावायचा, तर त्याला धरायला काहीतरी दे."

"कुठं घालू? किती?"

"उजव्या कडेपासून अंगठ्याच्या नखाएवढी आत. कमरेच्या उंचीला. लाल. पूर्ण गोल नको, खालून जराशी चेपलेली, कुणीतरी रोज दाबत असल्यासारखी."

भाची बोटानं काढत होती. मावशी ऐकत होती, बोट काचेवर घासल्याचा आवाज. हे पहिलंच चित्र, जे तिला बघायला मिळणार नव्हतं.

"आणि वाक?" भाचीनं विचारलं. तिचा आवाज दबला होता. "तो काढू का? मला आता बघवत नाही तो."

मावशीनं मान हलवली. "राहू दे. तो कुठून आला ते आपल्याला माहीत. बघणाऱ्याला ते सांगायची काही गरज नाही."

मग तिनं टॅब्लेट मागितला, चिमुकलं चित्र लावायला सांगितलं आणि तो छातीशी उभा धरला. "जा मागे. नऊ."

"इथं? लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतंय याचा आनंद मान."

भाची उठली. मावशीला ती उजेडात एक डाग होऊन लांब जाताना दिसली. पाचव्या पावलाला ती आजोबांच्या काठीवर आदळली, "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

"डावा मीट. उजवा किलकिला," मावशीनं बाकावरून सांगितलं. "काय दिसतं?"

"दार."

"आणि?"

"मूठ."

"हात लावावासा वाटतो?"

मावशीच्या छातीवरचा टॅब्लेट तिच्या श्वासाबरोबर हलत होता.

"भीती वाटते," भाचीचा आवाज आला. ती चित्राबद्दल बोलत नव्हती, किंवा नुसती चित्राबद्दल नव्हती.

"ते झालंच. पण लावावासा वाटतो का?"

"...हो. वाटतो."

"ठीक," मावशी म्हणाली. "पाठव."

भाची परत येऊन बसली. तिनं चित्रं पाठवली आणि टॅब्लेट मिटला. आतल्या खोलीचं दार उघडलं, सिस्टरनी नावाचा कागद वर धरून मावशीकडे बघितलं. मावशी उठली. भाचीनं तिचा दंड धरला. दार पांढरं होतं. मावशीला ते नुसता उजेड दिसत होतं. तिनं हात पुढं केला, चाचपला, आणि तिच्या हाताला मूठ लागली.

त्यानंतर कित्येक महिने मावशी जे काही बोलायची त्यात कुठं ना कुठं डोळा असायचा. इंजेक्शनची तारीख, थेंबांची वेळ, आज डाग किती, काल किती होता. नऊ पावलं ती अजून मागे जायची, पण विचारायची ते वेगळं, "काय दिसतं?" नव्हे, "किती दिसतं?" डोळ्याचं नाव नसलेलं तिचं शेवटचं साधंसुधं बोलणं त्या दारातलं. आत पाऊल टाकायच्या आधी ती थांबली, भाचीकडे वळली आणि म्हणाली,

"दुधावर झाकण ठेवलंस ना गं? खिडकी उघडीच राहिलीय, मांजर येतं."